स्लॅबखालची पंगत

“ज्या छताला पास म्हणशील, त्याखाली आधी आपलं माणूस जेवायला बसव.”

केसरीनाथ सरांनी हे ऋतिकाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज वळ गावच्या गोदामात सतरंज्या अंथरताना तिला तोच आवाज सारखा ऐकू येत होता.

सरांची भिवंडीतली फर्म जुन्या इमारती तपासते, दुरुस्ती सुचवते आणि शेवटी मजबुतीचा दाखला देते. पण दाखल्यावर सही होण्याआधी सगळा स्टाफ मुलाबाळांना घेऊन त्याच छताखाली जेवतो. ऑफिसची सहल ती हीच. यंदा एक लूमच्या कारखान्यात झाली, एक खारबावच्या शाळेत, एक तर प्रसूतिगृहाच्या रिकाम्या वॉर्डात. लोक हसतात. पण सरांनी पास केलेल्या घरात माणसं निर्धास्त झोपतात.

“सर, एकदा तरी समुद्राचं ऑडिट घ्या ना,” धम्मदिना म्हणाली. ती ऋतिकाच्याच बरोबरीची इंजिनीयर. खांद्यावर तिचं तान्हं बाळ, कुणाल. “बाकीची ऑफिसं अलिबागला जातात, आपण गोदामात.”

“समुद्राला छप्पर न्हाय गो. तपासू काय?” सर म्हणाले, आणि पंगत हसली.

हे गोदाम ऋतिकाचं स्वतंत्रपणे केलेलं पहिलं काम. झिजलेल्या खांबांना काँक्रीटचं नवं आवरण तिच्या देखरेखीखाली चढलं होतं. गुरुवारी कॉलेजात सरांचं दरवर्षीचं व्याख्यान होतं. यंदा सरांनी आपलं नाव काढून तिथं तिचं नाव दिलं होतं. विषय हेच गोदाम.

“म्यॅडम, जेवनं उरकली का सही घेऊन टाकू,” मालक हरेशशेठ म्हणाले. “उद्या सकाली गाड्या लागतायत. वरचा मजला गच्च भरायचाय.”

सरांच्या पत्नी, पार्वतीकाकू, मुलांची पानं वाढत होत्या. त्यांची आज संकष्टी. “काकी, चंद्र उगवंपर्यंत तुमी जेवनार न्हाय, मंग पंगतीत कशाला बसताव?” शेठनी विचारलं.

“जेवली न्हाय तरी चालंल. बसायला पायजे,” काकू हळूच म्हणाल्या आणि रिकाम्या पानापुढे मांडी घालून बसल्या. मग इकडेतिकडे बघत म्हणाल्या, “काय गो ऋतिका, तुझी लेक भाविका कुठं हाय?”

“अंग तापलंय तिचं, काकू. आईकडे ठेवलंय.”

जेवणं सुरू झाली. कुणालचे डोळे मिटायला लागले, तशी धम्मदिनाने गार कोपरा शोधला. मागच्या बाजूला कापडाच्या गाठी छातीएवढ्या रचलेल्या होत्या. त्यांच्या पायाशी तिने गोधडी घातली, बाळाला निजवलं आणि परत पानावर आली.

ऋतिकाचा घास हातातच राहिला.

त्या गाठींच्या मागे शेवटचा खांब होता. दुरुस्तीनंतर बाकीचे सगळे खांब तिने हातोडीने ठोकून पाहिले होते, अगदी बुडापासून. आवाज भरीव, म्हणजे आत पोकळी नाही. या खांबापाशी आल्यावर शेठ म्हणाले होते, “गाठींमागं काय येगलं न्हाय, म्यॅडम. सगले सारकेच.” उशीर झाला होता. हात पोचला तिथपर्यंत तिने ठोकलं. तिथवर आवाज भरीव होता. बाकीचं तिने मानून घेतलं.

ती उठली. उष्ट्या हाताने तिने बाळाला गोधडीसकट उचललं.

“अगं, आत्ताच झोपलाय तो!”

“बाहेर चल. सगळेच चला. आधी बाहेर.”

कुणी कारण विचारलं नाही. सरांनी स्वतःचं पान उचललं आणि चालू लागले. काकूंनी वरणाचं पातेलं घेतलं. भरल्या पंगतीतून माणसं उठली आणि समोरच्या चिंचेखाली जाऊन उभी राहिली.

“त्या खांबाचा खालचा भाग मी तपासलेलाच नाही, सर,” ऋतिका म्हणाली.

“आता सांगताव? भरल्या पानावरनं उठून?” हरेशशेठचा आवाज चढला. “आन् माझ्या गाड्या?”

“गाड्या थांबव, हरेश. आज सही न्हाय.” सरांनी एवढंच सांगितलं. शेठ पाय आपटत फोन करायला गेले.

आता गुरुवारचं व्याख्यान गेलं, असं ऋतिकाने मनाशी धरलंच होतं. सर तिच्याकडे वळले.

“गुरुवारी हेच बोल. भरल्या पानावरून का उठलीस, ते. माझ्या व्याख्यानात इतक्या वर्षांत एवढं काही नव्हतं.”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी खिशातून गाडीची किल्ली काढली. “आता घरी जा. पोर तापलंय आन् तू इथं. हे गाठीबिठीचं आम्ही बघतो.”

ऋतिकाने किल्ली घेतली नाही.

“छताला द्यायला टेकू मागवा, सर. ते लागले की गाठी मीच हलवते.”

“अगं, पण पोरीचा ताप...”

“ताप नाही तिला.”

चिंचेखाली उरलेलं वरण वाढणाऱ्या काकूंचा हात थांबला.

“सकाळी बूट घालून दारात बसली होती. मलापण ने म्हणत होती. तेव्हा हाच खांब माझ्या डोळ्यांपुढे आला. मी तिला म्हटलं, पुढच्या पंगतीला नक्की नेईन.”

सरांनी किल्ली खिशात टाकली आणि टेकूंसाठी फोन लावला.

दुपार कलता कलता टेकू आले, खांबाच्या दोन्ही बाजूंना घट्ट बसले. सरांनी ते स्वतः हलवून पाहिले. बाकीची मंडळी ताक पीत बसली होती. ऋतिकाने ओढणी कमरेला खोचली, कुणाला काही न सांगता आत गेली आणि त्या खांबापुढची पहिली गाठ ओढू लागली.