चांदफळीचं पान

तीनपैकी दोन अळ्या सकाळीच उपाशी मेल्या. संग्रहालयातल्या वाळक्या पतंगाच्या जनुकांवरून त्यांना पुन्हा जन्माला घालता आलं होतं. पण त्या खायच्या फक्त चांदफळीचं पान, आणि चांदफळी जगातून संपून पस्तीस वर्षं झाली होती. दुसऱ्या कुठल्याच पाल्याला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

म्हणून अळ्या सांभाळणाऱ्या रेवतीने संग्रहालयातून निवृत्त झालेल्या इंदुताई वर्तकांना बोलावलं. कागदावर चिकटवलेलं चांदफळीचं एकुलतं एक पान त्यांनीच नोकरीभर जपलं होतं. त्यांनी ते हलक्या हाताने सोडवलं, कोमट पाण्यात भिजवलं आणि बशीत ठेवलं.

अळी पाठीची कमान करत करत पानापाशी आली आणि कडेपासून कुरतडायला लागली.

"ताई, खातेय!" रेवती ओरडलीच.

इंदुताईंनी हसत रिकामा कागद ठेवून द्यायला उचलला. मागे त्यांचंच तरुणपणचं अक्षर होतं : 'पाऱ्याचे विष लावले. आता कीड खाणार नाही.'

रेवतीनेही ते वाचलं. तिचा हात बशीकडे गेला.

"राहू दे गं," इंदुताई म्हणाल्या. "निदान पोटभर तरी खाऊ दे."