दुधाला विचारलं

गोजरबाईंनी टेबलावर तीन वाट्या मांडल्या आणि म्हणाल्या, “डाक्टर, तुमच्या गोळ्या मेल्यात.”

डॉ. रविराजनं लॅपटॉपवरून मान वर केली नाही. संगमनेरच्या त्या हॉस्पिटलात जिन्याखालच्या खोलीत तो दोन वर्षं बसत होता. एक टेबल, एक पंखा नसलेलं छत, एक प्लग, औषधांचा एक छोटा फ्रिज. संध्याकाळी सहापर्यंत त्याला संशोधनाचा अहवाल पाठवायचा होता. अहवालात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. ते चाळीस पानांत सांगायचं होतं.

दोन वर्षांपूर्वी ट्रॉलीखाली सापडलेल्या एका ऊसतोड कामगाराचं ऑपरेशन त्यानं पाहिलं होतं. झकास झालं होतं. अकराव्या दिवशी तो माणूस जखम चिघळून गेला. “आप्रेशन चांगलं झालं म्हनला हुता ना?” असं त्याच्या बायकोनं विचारलं. त्याचं उत्तर शोधायला रविराजनं संशोधन सुरू केलं.

अपघातातले साठ जखमी. ऑपरेशननंतर प्रत्येकाला रोज एक कॅप्सूल. निम्म्यांच्या कॅप्सूलमध्ये प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपकारक असे जिवंत जंतू. निम्म्यांच्यात नुसती मक्याची पिठी. एक बाटली लाल झाकणाची, एक निळ्या. खरं औषध कोणत्या झाकणाखाली, हे रविराजला ठाऊक नव्हतं, स्नेहल सिस्टरलाही नव्हतं. ते पुण्यातल्या एका बंद पाकिटाला ठाऊक होतं.

आता ते पाकीट उघडायचीही गरज उरली नव्हती. लालवाल्या तिसांपैकी नऊ जणांच्या जखमा चिघळल्या. निळ्यावाल्या तिसांपैकी नऊ. त्यानं चारदा मोजलं. मग लॅपटॉप बंद करून चालू केला आणि पुन्हा मोजलं. नऊ.

“मावशी, हे काय आहे?”

“दूध. ह्या वाटीत आमच्या कानिफची लाल गोळी फोडून टाकलीय. ह्या वाटीत शेजारच्या खाटंवरल्या अंगदची निळी. त्येच्या बायकोनं, कडूबाईनं दिली.”

रविराज उभा राहिला. कानिफनाथ म्हणजे साठावा पेशंट. अकोले तालुक्यातल्या घाटात जीप उलटली तेव्हा तो टपावर होता.

“तुम्ही गोळ्या फोडल्या?”

“येकेकच. तुमीच सही घेताना म्हनला हुता ना, मावशी, दह्याच्या विरजनासारकं जितं आसतंय, पर निम्म्यांच्यातच. मंग माज्या लेकाला कोनचं, ह्ये कोनाला इचारू? सिस्टर सांगंना, तुमी सांगंना. मी दुधाला इचारलं.”

विरजणाची उपमा रविराजला तेव्हा फार आवडली होती. ती त्यानं साठही घरच्यांना ऐकवली होती.

“अहो, दोन वर्षं मी स्वतःला कळू दिलं नाही! आणि तुम्ही एका वाटीत...”

“मला तरी कुठं काय कळलं? काल सांजच्याला लावलंय. दोनी वाट्यांत दूधच हाय.”

“दूधच खराब असेल.”

“म्हनून तर ही तिसरी वाटी. ह्येच्यात घरचं विरजन. दूध तेच, घोंगडी तीच. न्हाईतर तुमी म्हातारीच्या दुधाला नावं ठिवली आसती.”

गोजरबाईंनी तिसरी वाटी त्याच्या लॅपटॉपवर उलटी धरली. दही पडलं नाही. पडताळ्यासाठी असा तिसरा गट का ठेवतात, हे समजायला रविराजला सहा महिने आणि एक मार्गदर्शक लागले होते. गोजरबाईंच्या घरी तीन गाई होत्या.

“मावशी, गोळ्यांची मुदत संपलेली नाही. पहिल्या दिवसापासून ह्या फ्रिजमध्ये आहेत. सकाळी आठला स्नेहल सिस्टर काढतात तेव्हा बर्फासारख्या गार असतात. मी नऊला येतो, रात्री आठपर्यंत इथून हलत नाही. माझ्या डोळ्यांसमोर असतात!”

“आसंल बाबा. मंग ह्ये दही तेवढं ठिवा त्यात. वार्डात आंबतंय. कानिफ जेवताना खाईल.”

आणि तो नको म्हणायच्या आत त्यांनी स्वतःच फ्रिज उघडला. आत दिवा लागला नाही. गोजरबाईंनी हात घातला, तसाच थोडा वेळ ठेवला.

“डाक्टर, ह्यात तर चुलीम्होरल्या फळीवानी ऊब हाय. ऐन चैतात विरजन आसं ठिवल्यावर मरंल न्हाई तर काय करंल?”

रविराज फ्रिजमागून निघालेल्या वायरकडे बघत होता. वायर भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथं जमिनीवर निवांत पडली होती.

“दही लागलं न्हाई म्हनून आमी विरजनाला बोल लावत न्हाई,” गोजरबाई म्हणाल्या. “ठिवनाराला लावतो. कोन बगतं ह्यो फ्रीज?”

“कानिफची बाकीची औषधं चालू आहेत,” रविराज हळू आवाजात म्हणाला. “ती खरी आहेत.”

“त्ये बरं झालं. पर फ्रीज कोन बगतं?”

लॅपटॉपवर अहवालाचं शेवटचं वाक्य उघडं होतं: ‘प्रोबायोटिकचा काहीही उपयोग दिसून आला नाही.’ पावणेसहा वाजले होते. रविराजनं ते वाक्य खोडलं. मग खाली वाकून त्यानं त्या एकुलत्या एका प्लगमधून लॅपटॉपची वायर काढली आणि फ्रिजची लावली. हे काम तो रोज रात्री घरी जाताना करत असे. दोन वर्षांत एकदाही विसरला नव्हता.