सतरा तारे

चिन्ह उलटं होतं. हर्षाने पहिल्या पायरीपासून सूत्र पुन्हा मांडलं. तिसऱ्यांदाही अधिकच आलं. प्रबंधात, एकशे बाराव्या पानावर, उणे होतं. तोंडी परीक्षेला पाऊण तास उरला होता.

सहा वर्षं ती त्रेचाळीस म्हाताऱ्या ताऱ्यांच्या मागावर होती. त्यांचा वेग, त्यांची दिशा, त्यांच्यात लोह किती, हे सगळं तपासून तिने लिहिलं होतं की हे तारे मूळचे आपल्या आकाशगंगेचे नाहीत. अब्जावधी वर्षांपूर्वी आपल्या आकाशगंगेने एक छोटी दीर्घिका गिळली, तिचे हे उरलेसुरले तारे. पण आपण ज्या सूर्याजवळून हे सगळं बघतो, तो सूर्यही धावतोच आहे. त्याची धाव ताऱ्यांच्या वेगात मिळवावी लागते. तिने ती वजा केली होती. चिन्ह बदलून तिने लॅपटॉपवर गणित पुन्हा चालवलं. त्रेचाळीसपैकी सतरा तारे गळाले. ते बाहेरून आलेलेच नव्हते.

“काहून तोंड उतरलं तुयं?” खाटेवरून बेबीबाईंनी विचारलं. महिन्याभरापूर्वी शेताच्या बांधावरून, धुऱ्यावरून घसरून त्यांचा पाय मोडला होता, मांडीपर्यंत प्लास्टर होतं. आईचं करायला म्हणून हर्षा पुण्याहून गावी, करडीला आली होती, आणि परीक्षा इथूनच ऑनलाइन द्यायची ठरली होती.

“काही नाही, आई.”

“सहा वरीस अभ्यास केला ना? मंग आता कायले भिऊन राहिली?”

हर्षाने लॅपटॉप छातीशी धरला आणि ती बाहेर पडली. नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर यायचं. तिच्या वडिलांनी, कृष्णरावांनी, तिथे मोहाच्या झाडाखाली टेबल-खुर्ची मांडून ठेवली होती. पाळीखालच्या खळ्यात धान चुरणं चाललं होतं. थ्रेशर धडधडत होता, धानाच्या पेंढ्यांचा अर्धा पुंजणा अजून बाकी होता, आणि पूर्वेकडे आभाळ काळवंडत चाललं होतं.

तिने पुण्याला मार्गदर्शकांना, भुपेंद्र सरांना, फोन लावला.

“सर, एकशे बाराव्या पानावर चिन्ह उलटं पडलंय. सतरा तारे जातात.”

सरांनी खोलीचं दार लावून घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, “कोणाला सांगितलंस?”

“कोणालाच नाही.”

“मग आज बोलू नकोस. दोन परीक्षकांनी प्रबंध वाचलाय, कोणाच्या लक्षात आलेलं नाही. पदवी हातात पडू दे, मग आपण दुरुस्तीचा लेख पाठवू. जानेवारीत तुला जर्मनीत रुजू व्हायचंय, हर्षा.”

सर वाईट माणूस नव्हते. सहा वर्षांत त्यांनी तिला एक आकडासुद्धा इकडचा तिकडे करू दिला नव्हता. म्हणूनच तिने फोन ठेवून एकशे बारावं पान पुन्हा उघडलं.

कृष्णरावांनी खालून थ्रेशरवाल्या ताराचंदला हात केला. धडधड थांबली.

“आता आवाज नाई येनार,” पाळीवर चढून ते म्हणाले. “एक घंटा बंद ठेवतो मशीन.”

“पाऊस आला तं, बाबा?”

“झाकून घेऊ.”

तिच्याने राहवलं नाही. “बाबा, माह्या कामात मोठी चूक निंगाली. सर म्हणतेत, आज सांगू नोको.”

कृष्णरावांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “मले त्यातलं काई समजत नाई, बाई. सांग का नोको सांगू, तुयं तू पाह्य. पन घंट्याभरात आटप.” आणि ते ताडपत्री ओढायला खाली उतरले.

पडद्यावर चार चौकटी उघडल्या. एकीत भुपेंद्र सर, दोहोंत समितीचे सदस्य, चौथीत बंगळुरूच्या परीक्षक बाई. साठीच्या, पांढऱ्या केसांच्या. या विषयात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. हर्षा बोलू लागली. ऐंशीवं पान झालं, शंभरावं झालं. एकशे बारावं पान पडद्यावर आलं. ती पुढे बोलूनही गेली असती. पुढचं वाक्य पाठच होतं.

“इथे एक चूक आहे,” ती म्हणाली. “सूर्याच्या गतीचं चिन्ह उलटं आहे. दुरुस्त केलं की सतरा तारे गळतात. सव्वीसच उरतात.”

भुपेंद्र सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हे केव्हा कळलं?” परीक्षक बाईंनी विचारलं.

“आज सकाळी.”

“आणि झालं कसं?”

“सूत्र उतरवून घेताना माझ्या हातून चिन्ह चुकलं असणार.”

“कुठून उतरवलंत?”

“तुमच्याच लेखातून, मॅडम. दोन हजार चौदाच्या. शेवटचं सूत्र.”

बाई उठल्या. चौकटीत नुसती रिकामी खुर्ची राहिली. खाली कृष्णराव आणि ताराचंद धावत पुंजण्यावर ताडपत्री ताणत होते, आणि पहिले थेंब टेबलावर पडले. हर्षाने ओढणी लॅपटॉपवर धरली. पदवी गेली, जर्मनी गेली, आणि वरून ज्यांचं सूत्र आपण बिघडवलं त्यांच्याच तोंडावर ते सांगून बसलो, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात जुनं, पिवळं पडलेलं छापील पान होतं. ते त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. शेवटच्या सूत्राखाली त्यांनी बोट ठेवलं.

“तुम्ही अगदी बरोबर उतरवलंय, हर्षा,” त्या म्हणाल्या. “हे उणे माझं आहे, आणि अकरा वर्षं आम्ही सगळे तेच वापरतोय.”