पहिला डबा

नव्या बाईंनी पार्कचा कारभार हाती घेतला आणि तिसऱ्याच दिवशी जुना लाकडी रोलर कोस्टर तपासणीसाठी बंद केला. वर्षाचा पास काढून नेहमी तिथं जाणाऱ्या आम्हा ओहायोच्या टोळीत त्यावरून जुंपली.

"तपासणी म्हणे! जमीन विकायचीय तिला," डेलमर म्हणाला.

"अरे, पण खरंच काही बिघडलं असेल तर?" लोर्नानं विचारलं.

"तुलाही फितवलं वाटतं तिनं! हॅल्वरसननी वीस वर्षं चालवला. कुणाला साधं खरचटलं तरी का?"

डेलमरनं तिथूनच पार्कचे निवृत्त व्यवस्थापक हॅल्वरसन यांना फोन लावला, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा.

"मिस्टर हॅल्वरसन, शनिवारी आम्ही फाटकावर मोर्चा नेतोय. एक फेरी सोडायला लावूच तिला. तुम्ही नातवंडांना घेऊन पहिल्या डब्यात बसा, आम्ही व्हिडिओ काढतो. मग बघू, कशी बंद ठेवते ती!"



"मी येईन, डेलमर," हॅल्वरसन म्हणाले. "मी एकटा बसेन. मुलांना नको."