आवाजबंद केबिन

“दाब, जोरात दाब. खाली हवा राहिली की पत्रा तिथेच खणखणतो,” नवरा म्हणाला.

तिने दाराच्या पत्र्यावर चिकटवलेल्या काळ्या डांबरी थरावरून रोलर दाबत नेला. अंगणातल्या शेडमध्ये उभा असलेला हा पिकअप सासऱ्यांच्या तरुणपणातला. केबिनमध्ये बसलं की रिकामा डबा हलवावा तसा आवाज व्हायचा. आता छताला आणि जमिनीला डांबरी थर लागला होता, त्यावर जाड लोकरी नमदा, दारांच्या कडांना नवं रबर. काचाही दुहेरी बसवल्या होत्या. नवऱ्याचा हात कामाला चोख, एवढं त्याचे वैरीसुद्धा मान्य करत.

“लांबच्या प्रवासाला बरं पडेल,” ती चाचरत म्हणाली.

“प्रवासाला कोण निघालंय?” तो हसला. “भिंतींना कान असतात म्हणतात. आपल्या भिंतींना तर खालच्या काकूंचे आहेत.”

तिने रोलर पुन्हा त्याच जागेवरून फिरवला.

खालच्या काकू म्हणजे घरमालकीण. वर त्याचा आवाज चढला, काही आपटलं, की त्या जिन्यातूनच हाक मारायच्या, “अगं सूनबाई, जरा साखर देतेस का?” वाटी मात्र कधी आणायच्या नाहीत. पण तेवढ्यात त्याचा उगारलेला हात खाली यायचा. मागच्या आठवड्यात त्यांनी त्यालाच गाठून विचारलं, “काय रे, पोरीच्या मनगटाला काय झालं?”

दुसऱ्याच दिवशी त्याने हे काम काढलं.

“आता काय बोलायचं ते गाडीत बसून बोलू,” तो रबर चाचपत म्हणाला. “चार लोकांत शोभा नको.”

त्या घरात बोलायचं काम एकाचंच होतं.

दुपार होईतो दारांवरही नमदा बसला. आतलं अस्तर तेवढं राहिलं होतं. त्यासाठी दारांच्या आतल्या मुठी आणि काच खाली करायचे दांडे त्याने काढून कट्ट्यावर ठेवले होते.

“बस आत. आणि ओरड.”

दार लागलं आणि जग मिटल्यासारखं झालं. गोंदाचा उग्र वास, स्वतःचा श्वास, बस्स. काचेपलीकडे तो कान लावून उभा होता. यापुढे आपल्याला इथेच आणून बसवणार, आणि जिन्यातून कुणाची हाक येणार नाही. ती ओरडली. हे ओरडणं खोटं नव्हतं.

त्याने कपाळाला आठ्या घालून दार उघडलं.

“येतोय आवाज. पण कुठून ते कळेना. तुझं ओरडणंही मेलं तुझ्यासारखंच, धड एका पट्टीत नाही. सरक, मी बसतो. तू कडेकडेने कान लाव. ऐकू येईल तिथे खडूने खूण कर. मी हात हलवला की उघड. कळलं?”

“हो.”

तो निवांत आत बसला. त्याने सांगितलं आणि तिने केलं नाही, असं लग्नापासून एकदाही घडलं नव्हतं.

तिने दार लावलं. तो आत मोठमोठ्याने आकडे म्हणू लागला. रबराच्या कडेने ती कान फिरवत गेली. बिजागरीपाशी डास गुणगुणावा तसा आवाज आला.

तिने खडू उचलला नाही. नमद्याचा तुकडा कापून फटीत ठासला. पुन्हा गाडीभोवती फिरून कान लावला. काही नाही.

त्याने हात हलवला. मग काचेवर बोट वाजवलं. मग मूठ. त्याचं तोंड भराभर उघडत-मिटत होतं.

वर शेडचा पत्रा तापला होता. ती बाहेर आली आणि शेडचं दार ओढून कडी घातली.

अंगणात काकू बाजाराची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, विशेषतः हात. मग आवाज खाली आणून विचारलं, “कुठाय गं तो?”

“ते होय?” ती पदराला हात पुसत म्हणाली. “ते सकाळीच बाहेरगावी गेले, काकू.”