काळ्याची मान

रेणुकाला पुन्हा उलटी आली. तिने घरच्या कुत्र्याच्या, काळ्याच्या मानेवरचे केस बाजूला केले, तर आत पांढरे किडे वळवळत होते. वास असा की गोठ्यातला बैलही दावं ताणून लांब सरकला.

"काऊन हात लावून राह्यली त्याले?" ओसरीवरून तिच्या सासूबाई, देवकाबाई म्हणाल्या. "पडू दे तसंच."

देवकाबाईंचा त्या कुत्र्यावर फार जीव, असं सगळं गाव म्हणायचं. चुलीवरची पहिली भाकर काळ्याला, वर दुधाची धार. रेणुकाला मात्र कुत्र्याची मुळातच किळस. त्याचे गोचीड, त्याची लाळ, उकिरडा हुंगून थेट ओसरीवर येऊन बसणं, काहीच तिला सोसत नसे. पण आता त्याला पाणी प्यायलाही मान वाकवता येईना, आणि घरात कुणाला त्याचं काही वाटेना. नवरा नाक दाबून कापूस वेचायला निघून जाई. शेवटी बैल तपासायला आलेल्या, हद्दीपलीकडच्या बोथ गावच्या डॉक्टरला तिनेच अंगणात थांबवलं.

डॉक्टरने लुना उभी केली. टर्पेंटाईनमध्ये बुडवलेला कापूस जखमेत दाबला, तसे किडे भराभर वर आले. चिमट्याने ओढून तो ते फिनाईलच्या पाण्यात टाकू लागला. रेणुकाने कुत्र्याचं तोंड घट्ट धरलं आणि स्वतःचं दुसरीकडे फिरवलं.

चिमटा कशाला तरी अडला. मांसात रुतलेला काळा दोरा होता. कुत्रं वाढलं, दोरा तेवढाच राहिला आणि कातडी त्याच्यावर चढली.

"पिल्ला था तब बांधे, फिर खोलेच नहीं," डॉक्टर म्हणाला. "ये नहीं काटे तो मरता ये."

"दोऱ्याले हात लावू नका." देवकाबाई ओसरीवरून खाली उतरल्या होत्या.

रेणुकाला आठवलं. तिच्या दिगूला तान्हेपणी तापात झटके येत. तेव्हा देवकाबाईंनी दिगूवरून काळा दोरा उतरवून एका पिलाच्या गळ्यात बांधला होता. दिगूला पुन्हा झटका आला नाही. दुखणं कुत्र्याकडे गेलं, असं सगळे म्हणाले. दोरा अंगावरून निघाला की दुखणं परत पोराकडे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रेणुकालाही होतं. फक्त ते पिल्लू म्हणजे काळ्या, आणि दोरा अजून त्याच्या गळ्यात असेल, हे ती विसरून गेली होती.

"आत्याबाई, मरून राह्यलं ते."

"मरू दे. त्याच्यासंग दुखनं बी जाईन. त्याच्यासाठीच त भाकर घातली त्याले."

रेणुकाने सासूकडे पाहिलं. आता तिला किड्यांची किळस वाटेना. त्या दुधातल्या भाकरीची वाटली. दोन वर्षं घरात एका मुक्या जिवाला प्रेमाने मरणासाठी पोसलं जात होतं, आणि ते तिच्याच लेकराच्या नावाने. पण झटक्यात पांढरे झालेले दिगूचे ते डोळेही तिला दिसले.

"दोरा कोनाच्या तरी आंगावर राह्यला म्हंजे झालं न?" तिने विचारलं.

"हो. पन दुसरं कुत्रं कुठून आनशीन आता?"

"काटो, डॉक्टरसाब," रेणुका म्हणाली.

कात्री आत गेली. काळ्या एकदाच विव्हळला. दोरा पू-रक्ताने लडबडून बाहेर आला, एक किडा अजून त्याला लोंबत होता. डॉक्टर तो फिनाईलमध्ये टाकणार, तोच रेणुकाने त्याच्या चिमट्यातून काढून घेतला. किडा झटकला. दोरा डाव्या मनगटाभोवती फिरवला, एक टोक दातांत धरलं आणि गाठ मारली.

पिलाच्या गळ्याचं माप होतं ते. तिच्या मनगटाला बरोबर पुरलं.