खोटी खूण

"कुठे होतास रे?" एलाइयानं विचारलं.

"आले रे, आले. सायकल पंक्चर झाली," नाहिया जिना चढून धापा टाकत म्हणाली.

बिशेंतानं कपाळावर हात मारून घेतला. "पोरींनो, चार शनिवार घसा कोरडा केला मी. हिला काय मिशा आहेत? 'कुठे होतीस गं' म्हण."

खानावळीच्या माडीवर हशा पिकला. दोघी विशीतल्या, चुणचुणीत. पण जिभेला वळण पडलं होतं ते पडलंच. त्यांच्या बास्क भाषेत 'रे' आणि 'गं' क्रियापदाच्या पोटातच असतात. 'रे' पुरुषांनी गुत्त्यात आणि चेंडूच्या मैदानात सांभाळला. 'गं' शाळेतल्या नन्सनी गावंढळ ठरवला, मग आयांनीच लेकींशी बोलताना तो टाकला. आता गावात तो सहज बोलणारी बिशेंता एकटी उरली होती. वय चौऱ्याऐंशी. मुलींनीच हट्टानं तिला शिकवायला बसवलं होतं.

शिकवायला तिची ना नव्हती. पण तिला स्वतःला 'गं' म्हणणारं कोणी राहिलं नव्हतं. शेवटची म्हणाली ती बहीण कोंचेसी, अकरा वर्षांपूर्वी, खिडकीतून: "कोंबड्या आत घे गं, आभाळ आलंय." नवरा जन्मभर आदरानं बोलला; नवरा-बायकोत तीच रीत. आणि या मुली? सरावाला म्हणायच्या, पण पाढे म्हटल्यासारखं.

"तुम्हाला असं कसं म्हणणार, आजी? जीभच रेटत नाही," एलाइया म्हणायची.

वडीलधाऱ्यांना तसं बोलायचं नसतं, हे खरंच होतं. पहिल्या शनिवारी तिनंच ते त्यांना बजावलं होतं.

शिकवणी आटोपली की मुस या पत्त्यांच्या खेळाचा डाव बसायचा. बिशेंता आणि एलाइया एका बाजूला. समोर नाहिया आणि खानावळीचा मालक अंब्रोशियो. खाली दिवसभर जो तो त्याला "काय रे अंब्रोशियो" म्हणायचा, त्याला त्याचं काही वाटत नसे. आज हरणाऱ्यांनी टोपलीभर भाजलेली चेस्टनट सोलायची असं ठरलं होतं. एलाइयाला हरणं अजिबात सोसत नसे, आणि नाहियाकडून तर नाहीच.

मुसमध्ये जोडीदाराला खुणा करायची मुभा असते. ओठ चावला की दोन राजे. डोळे मिटले की हातात काही नाही. फक्त खूण खरी हवी. खोटी खूण करणाऱ्याशी पुन्हा कोणी खेळायला बसत नाही. साठ वर्षांत बिशेंतानं ती केली नव्हती, आणि हे सगळ्या खोऱ्याला माहीत होतं.

डाव शेवटाला आला. दोन्ही बाजूंकडे गुण मोजायचे घेवड्याचे दाणे सारखेच जमले होते. बिशेंतानं पानं उचलली. चौकी, पंजा, छक्की, सत्ती. तिनं वर पाहिलं. एलाइया टक लावून तिच्याकडे बघत होती, डोळ्यांत केवढा विश्वास. बिशेंतानं क्षणभर पत्त्यांत नजर घातली. मग सावकाश, नीट दिसेल असा, खालचा ओठ चावला.

"ओर्दागो," एलाइया गरजली. म्हणजे सगळाच डाव पणाला.

"दाखव," अंब्रोशियो शांतपणे म्हणाला आणि त्यानं दोन राजे टेबलावर टाकले.

एलाइयानं हसत बिशेंताकडे हात केला. बिशेंतानं आपली चार पानं ओळीनं मांडली.

एलाइया पानांकडे बघत राहिली. मग खुर्ची मागे पडली.

"डोकं फिरलंय का रे तुझं? दोन राजे कुठायत? माझ्याशीच खोटं खेळतोस?"

एलाइयाचा हात आपसूक तोंडावर गेला. "आजी... माफ करा. मी तुम्हाला..."

"माफी ठेव तुझ्याजवळ," बिशेंता म्हणाली. "खेळतोस नाही. खेळतेस. आणि रे कुणाला म्हणतेस? परत बोल."

"आजी, मुद्दाम केलंत तुम्ही?"

"परत बोल म्हटलं ना. आणि राग जाऊ देऊ नकोस."

एलाइयानं खुर्ची उचलली. बसली. टोपली पुढे ओढून तिनं एक चेस्टनट घेतलं, त्याचं टरफल नखानं ओरबाडून काढलं आणि बिशेंतासमोर आपटलं.

"साठ वर्षांची अब्रू घालवलीस गं, बिशेंता," ती म्हणाली. "आणि आता ही टोपली सोलायला माझ्यासोबत बसणार आहेस तू. कळलं का गं?"

बिशेंतानं गरम चेस्टनट मुठीत धरलं आणि डोळे मिटून घेतले.

अंब्रोशियो पत्ते गोळा करता करता थांबला. "बघ," तो नाहियाला म्हणाला, "पुन्हा खोटी खूण करतेय."